आजाऱ्याचें वेगळें ताट

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांना हें दृश्य ओळखीचें वाटेल. पानें मांडलीं आहेत. डाव्या हाताला मीठ, लिंबाची फोड, चटणी व कोशिंबीर वाढून झाली आहे. वरणभातावर तूप पडलें आहे. पंक्तीच्या टोकाला बसलेल्या आजोबांच्या ताटांत मात्र मीठ नाहीं, लोणचें नाहीं, पापड नाहीं. डॉक्टरांनीं रक्तदाबासाठीं पथ्य सांगितलें असल्यामुळें त्यांची भाजी लहानशा पातेलींत निराळी शिजली आहे. सूनबाई ती काळजीनें वाढतात आणि आजोबा मुकाट्यानें खातात. शेजारींच नातू आंब्याच्या लोणच्याची फोड चोखीत असतो. हा क्रम आठ-पंधरा दिवस चालतो. मग एखाद्या सणाला "आज थोडें वाढ ग" असें आजोबा म्हणतात, आणि पथ्य तेथेंच संपतें. दोष आजोबांच्या जिभेला देण्याची आपली रीत आहे. आम्हांस वाटतें, दोष त्या लहानशा पातेलीचा आहे.

असें म्हणण्यास आधार आम्हांस फार दूरच्या एका मुलुखांत सांपडला. फिनलंड देशाच्या पूर्वेस, रशियाच्या सरहद्दीला लागून, उत्तर कारेलिया नांवाचा प्रांत आहे. चोहोंकडे अरण्यें आणि सरोवरें, हिंवाळा लांब व कडाक्याचा, आणि ज्या काळाची ही हकीकत त्या काळीं वस्ती अवघी सुमारें १,८०,०००. पुरुष लाकूडतोडे किंवा दूधदुभत्यावर चालणारे लहान शेतकरी. म्हणजे गादीवर लोळणारे खास नव्हत. तरीही १९६० नंतरच्या दशकांत हृदयविकारानें मरणाऱ्या पुरुषांचें प्रमाण जगांत जेथें सर्वांत अधिक आढळलें, त्या फिनलंडांतही हा प्रांत सर्वांच्या पुढें होता. चाळिशी-पन्नाशीचा कर्ता पुरुष कामावरून परत न येणें ही गोष्ट तेथें घरोघर ऐकूं येई, आणि हें आपल्या नशिबींच आहे अशी लोकांची समजूत होऊन बसली होती.

कारण नशिबांत नव्हतें, ताटांत होतें. पावावर लोण्याचा जाड थर, तळण्यास लोणी, पिण्यास सायीसकट दूध, आणि खारवलेलें चरबीचें मांस. मीठ तर इतकें कीं, १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीसही एका पुरुषाच्या पोटांत दिवसाकांठीं सुमारें १४ ग्रॅम जात असे. भाजीपाल्याचें नांव काढलें कीं तें सशांचें खाणें म्हणून पुरुषमंडळी हंसत. त्यांतून शंभरांपैकीं पन्नासांहून अधिक पुरुष तंबाखू ओढणारे. युद्धानंतर लोकांस चार दिवस बरे आले होते आणि लोणी हें त्या सुबत्तेचें चिन्ह होतें. आपल्याकडे तूप सढळ हातानें वाढण्यांत जो मोठेपणा मानतात, तोच हा प्रकार.

अखेर १९७१ सालीं प्रांताच्या गव्हर्नरासह लोकप्रतिनिधींनीं सरकारकडे अर्ज केला कीं, आमचीं माणसें मरत आहेत, कांहीं तरी करा. १९७२ सालीं कार्यास आरंभ झाला, आणि त्याची सूत्रें डॉ. पेक्का पुस्का या तरुणाच्या हातीं देण्यांत आलीं. रोग्यांसाठीं मोठें इस्पितळ बांधावें, ज्यांच्या रक्तांत दोष फार त्यांना निवडून औषध द्यावें, हा मार्ग सहज सुचण्यासारखा होता. पण त्यांत एक मेख आहे. ज्यांचा धोका फार मोठा अशीं माणसें थोडीं असतात. ज्यांचा मध्यम अशीं पुष्कळ. त्यामुळें एकंदर मृत्यूंची बेरीज केली असतां निम्म्याहून अधिक मृत्यू या दुसऱ्या, निर्धास्त असलेल्या वर्गांतच पडतात. तेव्हां निवडक रोग्यांचीं पातेलीं निराळीं करण्यापेक्षां साऱ्या प्रांताचीच चूल थोडी बदलावी असें पुस्का व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ठरविलें.

चूल बदलणें डॉक्टरांच्या हातीं नसतें. त्या देशांत 'मार्था' नांवाची गृहिणींची संस्था १८९९ पासून चालत आली आहे. गांवोगांव तिच्या शाखा आहेत. या बायांना पुढें करून गांवांत 'दीर्घायुष्याच्या मेजवान्या' भरविण्यांत आल्या. व्याख्यान थोडें, स्वयंपाक फार. कारेलियांतील लोकांचा आवडता पदार्थ म्हणजे मंद विस्तवावर तासन्‌तास शिजविलेला मांसाचा रस्सा. (आमच्या शाकाहारी वाचकांनीं नाक मुरडूं नये, येथें पदार्थापेक्षां युक्ति पाहावयाची आहे.) तो टाकून द्या असें कोणीं सांगितलें नाहीं. त्यांतील चरबीचें मांस व मीठ कमी करून बटाटे, गाजरें व सलगमासारखे कंद घातले. रस्सा तोच राहिला. नांवही तेंच राहिलें. एखाद्या घराण्यांत आजेसासूची आमटी जशी पिढ्यान्‌पिढ्या चालते आणि प्रत्येक सून तींत नकळत कांहीं फिरवीत जाते, तसेंच हें झालें.

ज्याचें चार लोक ऐकतात अशा स्त्रीपुरुषांना गांवोगांवीं हेरून त्यांना थोडें शिक्षण दिलें. तेच शेजाऱ्यापाजाऱ्यांत बोलूं लागले. पुढें १९७८ सालीं तर प्रांतांतील कांहीं तंबाखू ओढणारांनीं दूरचित्रवाणीवर साऱ्या देशाच्या डोळ्यांदेखत व्यसन सोडण्याचा उपक्रम केला. घरीं बसलेले कित्येक त्यांच्याबरोबर प्रयत्नास लागले. तत्पूर्वी १९७६ च्या कायद्यानें तंबाखूच्या जाहिरातींस बंदी झालीच होती.

सर्व कांहीं गोडीगुलाबीनें झालें असें मात्र समजूं नये. ज्यांचा संसार दुधालोण्यावर चालतो त्यांना लोणी कमी खा हा उपदेश म्हणजे पोटावर पाय वाटावा यांत नवल नाहीं, आणि त्यांच्याकडून विरोधही झाला. त्यावर नुसतें बोलून भागण्यासारखें नव्हतें. त्या थंड मुलुखांत पिकणाऱ्या मोहरीच्या जातीच्या तेलबियांचा प्रसार झाला. आणि १९८५ च्या सुमारास बेरी जातीचीं फळें लावून, गोठवून, हिंवाळ्यांतही विकण्याची योजना निघाली. कांहीं गवळी शेतकरी त्या फळांकडे वळले. हा भाग आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्याला पथ्य सांगणें स्वस्त असतें. त्याच्या मिळकतीची सोय लावणें महाग.

आतां फळाकडे पाहूं. पस्तीस ते चौसष्ट वर्षें वयाच्या पुरुषांतील हृदयविकाराचे मृत्यू पुढील चाळीस वर्षांच्या आंत शेंकडा ८० हून अधिक घटले. तंबाखू ओढणाऱ्या पुरुषांचें प्रमाण २००७ पर्यंत शेंकडा ३१ च्या आसपास उतरलें. शंकेखोरांचेंही सांगितलें पाहिजे: तुलनेसाठीं जो शेजारचा कुओपिओ प्रांत निवडला होता तेथेंही मृत्यू बरेच घटले, तेव्हां सारें श्रेय या योजनेस कसें द्यावें, असा आक्षेप निघाला. आक्षेप वाजवी आहे. शेजारणीच्या घरचा चांगला पदार्थ भिंतीपलीकडे जाऊं नये अशी व्यवस्था कोणास करतां येणार? दारूचें मात्र जमलें नाहीं. त्या दशकांत देशांतील मद्यपान वाढतच गेलें. अरण्यांतलें काम यंत्रांकडे गेल्यानें अंगमेहनत घटली आणि माणसें जड झालीं. लोकांनीं फावल्या वेळीं व्यायाम वाढविला, पण कुऱ्हाडीची भरपाई त्यानें पुरती झाली नाहीं. २००७ ते २०१२ या काळांत लोण्याची पुन्हां फॅशन येऊन रक्तांतील कोलेस्टेरॉल पुन्हां थोडें चढलें.

आपल्या घरांकडे वळूं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें मोठ्या माणसास दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाच्या चमच्याहून कमी, मीठ पुरे. आपल्याकडे तें भाजींत पडतें, आमटींत पडतें, कोशिंबिरींत पडतें, पापड-लोणच्यांतून येतें, आणि वर ताटांत निराळें वाढलेलें असतेंच. ज्या घरांत आजोबांना रक्तदाब, त्या घरांतला मुलगा व नातू त्याच वाटेवर आहेत हें कोणींही मनांत आणीत नाहीं. तंबाखूचेंही तसेंच. माजघरांत आजीची तपकीर आणि ओसरीवर काकांची पानसुपारी-तंबाखू चालूं असतां, नातवाला कॉलेजांतील सिगारेटबद्दल बोलणाऱ्या वडिलांचा आवाज साहजिकच खालीं येतो.

आमच्या परिचयाच्या एका घरीं, तीन चुलत भाऊ अद्याप एकत्र राहतात, तेथें थोरल्या जाऊबाईंनीं गेल्या चैत्रांत कोणासही न सांगतां आमटी-भाजीचें मीठ दर आठवड्यास चिमूट-चिमूट कमी करण्यास आरंभ केला, आणि ताटांत मीठ वाढणें बंद केलें. पापड रविवारीं. तिसऱ्या आठवड्यांत धाकटे दीर एकदां म्हणाले, "वहिनी, आमटी आज जरा निराळी लागते." "चिंच नवी आहे," त्यांनीं उत्तर दिलें. लहान पातेली तेव्हांपासून फडताळांत पालथी आहे. आजोबा पंक्तींत सर्वांचें तेंच जेवतात, आणि भाजी पुन्हां मागून घेतात.