स्वस्ताई केव्हां खरी?

चैत्र उजाडला कीं नाशिकच्या जुन्या घरांतून 'बेगमी' हा शब्द ऐकूं येऊं लागतो. तूर माघ-फाल्गुनांतच येऊन गेलेली असते. आतां गहूं, मिरची आणि उन्हाळ कांदा भरावयाचा असतो. नव्या घरांतून याच अर्थीं दुसरा शब्द ऐकूं येतो, तो म्हणजे 'सेल'. बेगमी आजीची व सेल नातीचा, अशी समजूत आहे. परंतु दोहोंच्या मुळाशीं तत्त्व एकच आहे. वस्तु विपुल असतांना, किंवा विकणाऱ्यास ती नकोशी झाली असतांना, विकत घ्यावी. सर्वांना एकदम हवी असते तेव्हां घेऊं नये. तत्त्व सोपें आहे. फसगत होते ती स्वस्ताई कोठून आली हें न पाहिल्यामुळें.

प्रथम शेताचा हंगाम पाहूं. नाशिक जिल्ह्यांत कांद्याचीं पिकें तीन. खरीपाचा लाल कांदा दिवाळीच्या सुमारास बाजारांत येऊं लागतो, रांगडा कांदा जानेवारीपासून मार्चपर्यंत, आणि उन्हाळ कांदा त्यानंतर मेपर्यंत. पहिल्या दोहोंत ओल अधिक असते. ते फार दिवस टिकत नाहींत. म्हणून त्यांचा भाव पडला, तरी शेतकऱ्यास माल रोखून धरतां येत नाहीं आणि गृहिणीसहि तो सांठवितां येत नाहीं. २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्यें कांद्याचे भाव इतके कोसळले कीं शेतकऱ्यांनीं नाशिकहून मुंबईच्या दिशेनें पायीं मोर्चा काढला, व राज्य सरकारास क्विंटलमागें ३५० रुपयांचें अनुदान जाहीर करावें लागलें. अशी स्वस्ताई आठवड्याच्या भाजीपुरतीच उपयोगी, बेगमीस नव्हे.

उन्हाळ कांद्याची गोष्ट निराळी. त्याची मान वाळलेली व साल घट्ट असते. हवेशीर चाळींत तो दिवाळीपर्यंत राहतो. जुना सांठा संपत आलेला आणि नवा लाल कांदा अद्याप आलेला नाहीं, असे जे मधले आठवडे, त्यांत भाव चढतो. २०१९ सालीं परतीच्या पावसानें खरीपाचें पीक नासलें, तेव्हां डिसेंबरांत अनेक शहरांत किरकोळ भाव किलोस १०० रुपयांच्या वर गेला होता. लासलगांवची बाजार समिती १९४७ सालची आहे. तेथील लिलावांत दरवर्षीं हा चढउतार कमीअधिक प्रमाणांत दिसतोच.

मग वैशाखांत पोतें घेऊन ठेवणें नेहमींच फायद्याचें काय? येथें हिशेब करावा लागतो. समजा, वैशाखांत २० रुपये भावानें ५० किलो कांदा घेतला. खर्च १००० रुपये. दिवाळीपर्यंत सडून, कोंब येऊन व सुकून त्यांतील १५ किलो गेला, तर खाण्यास ३५ किलो उरला. म्हणजे तो २० रुपयांनीं नव्हे, साडेअठ्ठावीस रुपयांनीं पडला. आश्विनांत बाजारभाव ४० झाला, तर बचत खरी. २८ च राहिला, तर पोतें सांभाळण्याचे श्रम फुकट गेले. नासाडी अर्ध्यावर आणतां आली, तर हाच कांदा सुमारें साडेतेवीस रुपयांनीं पडतो. यासाठीं जाड मानेचा किंवा मार लागलेला कांदा प्रथमच वेगळा काढून आधीं संपवावा, उरलेला सावलींत पातळ पसरावा, आणि दर आठवड्यास निवडावा. जेथें वारा खेळत नाहीं अशा दोन खोल्यांच्या बिऱ्हाडानें दोन महिन्यांपुरताच घ्यावा. बेगमीचें माप गरजेवर तसेंच जागेवरहि ठरतें.

या खरेदींत आणखी एक गोष्ट विसरतां कामा नये. वैशाखांत शेतकऱ्यास पुढील पेरणीसाठीं रोख पैसा हवा असतो, आणि चाळ नसलेल्यास मिळेल त्या भावास माल द्यावा लागतो. त्या वेळीं शहरांतील कुटुंबानें दोन पोतीं त्याच्याकडूनच, बाजारापेक्षां रुपया-दोन रुपये अधिक देऊन घेतलीं, तर मधली हमाली व अडत वाचून दोघांचेंहि भलें होतें. त्याला शेवटच्या पैशापर्यंत नाडून केलेली बचत ही बचत खरी, पण ती दुसऱ्याच्या ताटांतून उचललेली असते.

आतां दुकानाचा हंगाम. युरोपांतील महागड्या शहरांत राहणारीं मराठी कुटुंबें थंडीचा कोट नोव्हेंबरांत न घेतां जानेवारींत घेतात, त्याचें कारण हेंच. थंडी अर्धी सरली कीं दुकानदारास नव्या ऋतूच्या मालासाठीं जागा हवी असते. फ्रान्समध्यें तर असे सेल वर्षांतून दोनदां, हिवाळ्यांत व उन्हाळ्यांत, सरकारी नियमानें भरतात. आपल्याकडे छत्री दसऱ्यानंतर व लोकरीचे कपडे फाल्गुनांत घेणें हा त्याचाच घरगुती अवतार होय.

परंतु शेताची स्वस्ताई डोळ्यांस दिसते, दुकानाची पाटीवर लिहिलेली असते. आणि पाटी लिहिणारा स्वतः विकणाराच असतो. म्हणून युरोपीय संघानें २०२२ च्या मेपासून असा नियम लागू केला कीं, सवलत जाहीर करतांना मागील ३० दिवसांतील सर्वांत कमी किंमत दाखविली पाहिजे. आपल्याकडे पाकिटावर छापलेली 'कमाल किरकोळ किंमत' ही केवळ वरची मर्यादा आहे. काल तीच वस्तु केवढ्यास विकली जात होती, हें तिच्यावरून कळत नाहीं. त्यावर निम्मी सवलत दिसली, तरी बचत निम्मी झाली असें होत नाहीं.

यावर उपाय जुनाच आहे: भावाची वही. घरांत नेहमीं लागणाऱ्या वीस-पंचवीस वस्तूंचा भाव महिन्यांतून एकदां लिहून ठेवला, कीं वर्षाच्या अखेरीस कोणती सवलत खरी व कोणती शोभेची, हें कोणास विचारावें लागत नाहीं.

दुसरा नियम रोखीचा. क्रेडिट कार्डाची बाकी थकली, तर अनेक बँका महिन्यास तीन ते साडेतीन टक्के व्याज लावतात. २० टक्के सवलतीनें घेतलेल्या वस्तूचे पैसे थकले, तर साडेतीन टक्के दरानें सुमारें सात महिन्यांत ती सारी सवलत व्याजांत जाते.

तिसरा नियम यादीचा. यादी सेलच्या आधीं करावी, सेलमध्यें नव्हे. ३००० रुपयांचें लुगडें १५०० रुपयांस मिळालें आणि तें नको होतें, तर १५०० वाचले नाहींत, १५०० गेले. आणि जेथें खरोखर वाचले, तेथें ते त्याच दिवशीं वेगळे काढून ठेवावेत. न काढलेले पैसे पुढच्या दुकानांत खर्च होतात, आणि वर्षाच्या हिशेबांत त्यांचा पत्ता लागत नाहीं.