सुगरणीचे घर आणि विहिरीवरची बाभळ

मराठी भाषेने एका पक्ष्यावर कित्येक पिढ्या अन्याय चालविला आहे. ज्या विणकामासाठी आपण सुगरणीचे कौतुक करतो, ते बहुतेक सारे नराचे. नाव मात्र स्त्रीलिंगी. १९३० च्या पावसाळ्यात अलिबागजवळील किहीम येथे सालिम अली यांनी तासन्‌तास बसून हा प्रपंच पाहिला आणि एक नवाच हिशेब मांडला. पिवळ्या माथ्याचा नर शिरस्त्राणाच्या आकारापर्यंत अर्धे घरटे विणून थांबतो. मादी येऊन ते पारखते. पसंत पडले तरच पुढची नळी विणली जाते. मादी अंड्यांवर बसली, की हा गृहस्थ जवळच दुसरे घर बांधावयास घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहू लागतो! ग्राहक ठरल्याखेरीज बांधकाम पुरे न करणारा असा व्यवहारी बिल्डर शहरातही विरळाच.

उत्तर ध्रुवाकडील बर्फाळ प्रदेशात स्नो बंटिंग नावाचा चिमणीएवढा पक्षी वेगळा संसार करतो. खडकातल्या चांगल्या कपारी थोड्या. म्हणून नर माद्यांच्या तीन-चार आठवडे आधी, जमीन बर्फाखाली असतानाच, येऊन जागा धरतो. थंडीत अंडी सोडून मादीला फार काळ जाता येत नाही. तेव्हा नर तिला घरट्यात चारा आणून देतो. आपल्याकडे पावसाळ्यात किडे व गवताचे बी मुबलक असल्याने एकटी मादी पिले पोसू शकते, आणि नराला मोकळीक मिळते. टंचाई कशाची, यावर श्रमविभागणी ठरते, ती अशी.

धाराशिव जिल्ह्यात टंचाई आहे ती जागेची आणि धाग्याची. सुगरणीची वसाहत विहिरीवर ओणवलेल्या बाभळीला, पाण्याच्या अंगाने लोंबते. साप-मांजरांना तेथे पोहोचणे कठीण. पण विहीर रुंद करावयाची, तर पहिली कुऱ्हाड त्या बाभळीवरच पडते. विणकामाला ज्वारीच्या, उसाच्या किंवा गवताच्या लांब पात्यांच्या चिंध्या लागतात. खरिपाच्या ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. सोयाबीनच्या पानाचा धागा निघत नाही. रब्बीची ज्वारी पेरली जाते, तोवर वीण सरत आलेली असते. उरतो तो ऊस आणि बांधावरचे गवत, आणि बांध तर दरसाल बारीक होत आहेत.

हा पक्षी दाणे खातो, हे खरे. गोफण घेऊन माळ्यावर उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्याला त्याचे प्रेम शिकविणे व्यर्थ होय. तथापि पिलांना तो किडे व अळ्या भरवितो, हेही त्याच खात्यात जमा धरावयास हवे. आषाढ-श्रावणात कोणत्या विहिरीवर किती घरटी पुरी झाली व किती अर्धवट राहिली, ही मोजदाद महाविद्यालयातील मुले सहज करू शकतील. त्यासाठी दुर्बीणही लागत नाही.