उंचीचा जोर

मैसूर शहराच्या जुन्या भागात लष्कर मोहल्ला नावाची वस्ती आहे. कावेरीचे पाणी पंपाने उपसून या शहरास पुरविले जाते. ते घरोघरी गच्चीवरील टाकीत साठवतात. टाकीतून न्हाणीघरात पाणी उतरते ते मात्र कोणत्याही यंत्राविना, केवळ स्वतःच्या भाराने. अशा दुमजली घरात एक अनुभव नेहमी येतो. खालच्या मजल्यावर शॉवरचे पाणी जोराने पडते, तर टाकीच्या अगदी जवळ असलेल्या वरच्या मजल्यावर त्याची बारीक धार लागते. असे का होते?

पाण्याचा दाब टाकीच्या आकारावर नव्हे, तर पाण्याच्या उंचीवर अवलंबून असतो. टाकीतील पाण्याची पातळी शॉवरपेक्षा दहा मीटर उंच असेल, तर दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोग्रॅम दाब पडतो. वरच्या मजल्यावर हे अंतर जेमतेम दोन मीटर भरते. म्हणजे दाब केवळ एक पंचमांश किलोग्रॅम. खालच्या मजल्यावर आणखी तीन मीटरांची भर पडते आणि दाब अडीचपट होतो.

उंचीचे हे सामर्थ्य आपल्या पूर्वजांनाही ठाऊक होते. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचे पाणी भूमिगत नळाने पुण्यात आणले. त्या काळी विजेचे पंप नव्हते. कात्रज उंचावर आणि पुणे सखल भागात, एवढ्याच आधारावर ते पाणी शहरातील हौदांपर्यंत पोहोचले.

आता आपल्या घराकडे वळू. दाब वाढविण्यापूर्वी वाटेतील अडथळे दूर करावेत. शॉवरच्या चाळणीत क्षार साठून छिद्रे बुजतात. चाळणी काढून काही तास व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात ठेवावी व घासून धुवावी. टाकीखालची झडप पूर्ण उघडी आहे ना, हेही पाहावे. नळी वाटेत वर चढून पुन्हा खाली उतरत असेल, तर त्या उंचवट्यात हवा अडकते व प्रवाह रोखला जातो. म्हणून नळीस सलग उतार द्यावा.

नळी बारीक केली की जोर वाढतो, हा समज चुकीचा आहे. लांब व अरुंद नळीत घर्षणाने दाब खर्च होतो. अर्ध्या इंचाऐवजी पाऊण इंची नळी घातल्यास पाण्याची वाट सव्वादोनपट रुंद होते. वळणेही शक्य तितकी कमी ठेवावीत.

एवढे करूनही भागले नाही, तर टाकी उंच चौथऱ्यावर बसवावी. टाकी दोन मीटर उचलली, तर वरच्या मजल्यावरील दाब दुप्पट होतो. मात्र एक हजार लिटर पाण्याचे वजन एक हजार किलोग्रॅम असते, हे विसरू नये. जुन्या घराचे छत हा भार पेलेल काय, हे जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय चौथरा बांधू नये.

शेवटचा उपाय म्हणजे लहान विजेचा पंप. तो टाकी आणि शॉवर यांच्यामध्ये बसवावा. रस्त्यावरून येणाऱ्या सार्वजनिक नळास कदापि जोडू नये. दाटीच्या वस्तीत अनेक घरे एकाच नळावर अवलंबून असतात. एकाने मोटार लावून पाणी ओढले, की गल्लीच्या टोकाच्या घरी घागरही भरत नाही. शिवाय त्या ओढीने नळीतील दाब घटतो आणि तिला कोठे भेग असल्यास आसपासचे सांडपाणी आत शोषले जाते. ते दूषित पाणी सर्वांच्याच, अगदी मोटार लावणाऱ्याच्याही घरी पोहोचते.

म्हणून जोर हवा असेल तर तो आपल्या टाकीच्या उंचीतून मिळवावा, शेजाऱ्याच्या वाट्यातून नव्हे.