आघाड्यातील कीटक-संप्रेरक

पावसाळा सुरू झाला म्हणजे शेंद्रा परिसरात शेताच्या बांधावर व शाळेच्या कुंपणाशी आघाडा उगवतो. गणेशपूजेच्या पत्रीमुळे तो मुलांच्या परिचयाचा असतो. परंतु कीटकांची वाढ ज्या संप्रेरकाने होते, तेच या वनस्पतीतही आढळते, ही गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असेल.

अळीची त्वचा तिच्या शरीराबरोबर वाढत नाही. म्हणून तिला वेळोवेळी कात टाकावी लागते. हे कार्य दोन संप्रेरकांच्या अधीन असते. पहिले कात टाकावयास लावते. दुसरे म्हणजे बाल्यसंप्रेरक. ते शरीरात पुरेसे असेपर्यंत अळी कात टाकूनही अळीच राहते. ते ओसरले म्हणजे कोष व त्यानंतर फुलपाखरू अशी अवस्था येते.

१९५४ साली बुटेनांट व कार्लसन या जर्मन शास्त्रज्ञांना रेशीमकिड्यांच्या ५०० किलो कोषांतून पहिल्या संप्रेरकाचे अवघे २५ मिलिग्रॅम स्फटिक लाभले. पुढे १९६६-६७ च्या सुमारास त्याच जातीची द्रव्ये काही नेचे व आघाड्याच्या जपानी भाईबंदांत विपुल असल्याचे दिसून आले. आपला आघाडाही त्यास अपवाद नाही.

वनस्पतींतील बाल्यसंप्रेरकासारख्या द्रव्याचा शोध तर कागदाने लावून दिला. १९६५ च्या सुमारास प्रागचे कारेल स्लामा यांनी हार्वर्ड येथे काही ढेकणे पाळली. ती आपल्या कपाशीवरील लाल ढेकणांच्या कुळातील होती. ती प्रौढ न होताच मरू लागली. भांड्यात अंथरलेला अमेरिकन कागद बाल्साम फर वृक्षाच्या लगद्याचा होता आणि बाल्यसंप्रेरकासारखे द्रव्य त्या वृक्षात होते! १९८० साली तशीच द्रव्ये सब्जातही सापडली.

अवेळी कात टाकावी लागल्यास कीटकाची वाढ बिघडते. म्हणून ही वनस्पतीची संरक्षणयोजना असावी, असे शास्त्रज्ञ मानतात. मात्र अनेक कीटक ही द्रव्ये पचवितात. तेव्हा आघाड्याचा रस म्हणजे सर्व किडींवर औषध, असे मुलांस सांगू नये. उलट, रेशीमउद्योगात ही वनस्पतिजन्य द्रव्ये अखेरच्या अवस्थेत तुतीच्या पानांवरून दिल्यास अळ्या एकाच सुमारास कोष विणू लागतात व शेतकऱ्याचे श्रम वाचतात. एकच द्रव्य कोठे घातक, तर कोठे उपकारक ठरते, ते मात्रेवर व वेळेवर अवलंबून असते.

शिक्षकांनी कढीलिंबावरील एखादी लहान अळी जाळीच्या डब्यात ठेवून तिला रोज ताजी पाने द्यावीत. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी ती अळी शेवटच्या अवस्थेत हिरवी होते. मुलांनी प्रत्येक बदलाची तारीख वहीत नोंदवावी. शाळेची स्वच्छता करताना आघाड्याचे एक रोप राखून, त्याची पाने कोण खातो हेही पाहावे. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली कात मुलांच्या चिरकाल स्मरणात राहील.