तलावावरची सौर नाव

सौर नाव विजेच्या मोटरवर चालते आणि तिची बॅटरी छतावरच्या सौर पॅनेलने भरते. तिला संथ पाणी आणि स्वच्छ ऊन लागते. गोंदिया जिल्ह्यात पावसाळा सोडला तर दोन्ही मिळतात. अर्जुनी मोरगाव तालुक्यात कोहळी लोकांनी बांधलेला नवेगावबांधचा तलाव आहे, गाढवी नदीवर इटियाडोह धरण आहे, शिवाय गावोगावी माजी मालगुजारी, म्हणजे लोकांच्या तोंडी मामा तलाव आहेत.

या पाण्यावर ढीवर समाजाचा डोंगा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. सौर नाव बांधणाऱ्याने आधी तोच नीट पाहावा. माणूस तासन्‌तास वल्हवत राहिला तर त्याची ताकद जेमतेम शंभर वॅट भरते, म्हणजे घरातल्या छताच्या पंख्याहून थोडी अधिक. तेवढ्यावर डोंगा माणूस आणि मासळी घेऊन काठाला लागतो, कारण त्याचे अंग लांब आणि अरुंद असते. नावेचा वेग दुप्पट करायचा तर ताकद साधारण आठपट लागते. त्यामुळे पाच मीटरच्या हलक्या नावेला ताशी पाच-सहा किलोमीटरसाठी अडीचशे-तीनशे वॅट पुरतात, पण ताशी दहा किलोमीटर गाठायला निघाले की ती स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढू पाहते आणि बॅटरी भराभर उतरते. सौर नाव सावकाशच चालवायची असते.

अरुंद नाव डुलते आणि वर पॅनेल चढवले की जास्तच डुलते. म्हणून दोन अरुंद अंगे आडव्या दांड्यांनी जोडणे सर्वांत शहाणपणाचे. केरळात वैक्कम ते तवणक्कडवू या जलमार्गावर जानेवारी २०१७ पासून धावणारी ७५ प्रवाशांची ‘आदित्य’ ही सौर फेरीबोटही अशीच जोडअंगाची आहे. तिच्या छतावर २० किलोवॅटची पॅनेले आहेत.

घरी बांधायला मरीन प्लायवूड सोयीचे. कापलेल्या फळ्यांच्या कडांना बारीक भोके पाडून त्या तांब्याच्या तारेने गोधडीसारख्या टाचतात. आतून सांध्यात इपॉक्सीचा घट्ट लगदा भरून त्यावर फायबरची पट्टी बसवतात; लगदा वाळला की तारा ओढून काढतात आणि बाहेरूनही पट्टी चढवतात. दोन्ही टोकांना हवाबंद कप्पे ठेवले तर नाव भरली तरी बुडत नाही. हे काम घाईने करू नये. पॅनेल बदलता येते, पण कुजलेला सांधा सगळी नाव वाया घालवतो.

चारशे वॅटचे पॅनेल दोन चौरस मीटर जागा व्यापते आणि सुमारे वीस किलो भरते. निरभ्र दिवशी त्यातून सुमारे दीड युनिट वीज हाती येते. तीनशे वॅटवर हे पाच तासांचे, म्हणजे पंचवीस-तीस किलोमीटरचे चालणे झाले. मे महिन्यात ऊन कडक असले तरी तापलेले पॅनेल कमी वीज देते. म्हणून त्याच्याखाली हवा खेळायला फट सोडावी लागते. २४ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी पंचवीस किलोच्या आसपास असते. शिसे-आम्लाच्या बॅटरीतली निम्मीच वीज वापरायची असते, त्यामुळे तेवढ्याच कामासाठी तिचे वजन दीडशे किलोच्या घरात जाते. दोन माणसे काठावर ठेवून बॅटरी फिरवण्यासारखेच ते. पॅनेल आणि बॅटरीच्या मध्ये चार्ज कंट्रोलर बसतो, आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवाच.

चालवताना नजर अँपिअर मीटरवर असावी. नेहमी बारा-तेरावर असणारा काटा अठरावर गेला आणि नाव मात्र मंदावली, तर मोटरच्या पंख्यात पाणवनस्पती गुंडाळल्या असे समजावे. या तलावांत त्या दाट असतात आणि काठाला बेशरमची झुडपे माजलेली असतात. अशा वेळी मोटर बंद करून वर उचलावी, पाती मोकळी करावीत आणि उथळ पाण्यात वल्हे वापरावे. वल्हे आणि लाइफ जॅकेट रोज सोबत हवेत. उन्हाळ्यात दुपारनंतर वावटळ उठते, तेव्हा छतावरचे पॅनेल शिडासारखे वारा धरते. आभाळ काळवंडताच काठ गाठावा.

यंत्रावर चालणाऱ्या नावेला अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ लागू होतो, म्हणून नोंदणीची चौकशी आधी करावी. व्याघ्र प्रकल्पालगतच्या पाण्यात वनविभागाची परवानगीही लागते.

पावसाळ्यात नाव पालथी घालून छपराखाली ठेवतात, मोटरचा दांडा पुसून त्याला ग्रीस लावतात आणि बॅटरी निम्मी भरलेली सोडून कोरड्या जागी हलवतात.