रेतीचा ढीग आणि सांभाळायला आलेली लेकरं

बाभुळगाव तालुक्यात कापसाची वेचणी सुरू झाली की सकाळीच बाया वावराकडे निघतात आणि वस्तीतल्या एखाद्या आजीच्या, एखाद्या काकूच्या ओट्यावर चार-पाच लेकरं येऊन बसतात. त्याला कुणी पाळणाघर म्हणत नाही. पाटी नाही, नोंद नाही. कुणी आठवड्याच्या मजुरीतून थोडे पैसे देते, कुणी वावरातली भाजी आणून देते. काम मात्र पाळणाघराचेच असते, आणि तेही सकाळपासून दिवेलागणीपर्यंत.

त्यातच घरासमोर घरकुलाचे बांधकाम निघालेले असले की लेकरांना दुसरे खेळणे लागत नाही. रमाई आवासचे घर मंजूर होते, रेती येऊन पडते, पुढचा हप्ता लांबतो आणि ढीग महिनोन् महिने तसाच राहतो. लेकरू उतरले की थेट ढिगावर. संध्याकाळी माय थकून येते, लेकराच्या डोक्यात, कानात, चड्डीत रेती बघते आणि सांभाळणारीवर चिडते. मग दुसऱ्या दिवसापासून रेती बंद, आणि लेकरं मोबाईलसमोर.

आमचे मत स्पष्ट आहे. रेती बंद करू नका, ढीग बंद करा. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

रेतीत लेकरू ओतते, भरते, दाबते, मोजते, दुसऱ्याशी वाटून घेते. हाताची बोटे आणि मनगट यांना जी कसरत मिळते ती पुढे पेन्सिल धरताना कामी येते. ही गोष्ट महाराष्ट्राला नवीन नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा मॉन्टेसरीची महागडी साधने खेड्यात परवडणार नाहीत हे ओळखून त्यांनी आणि अनुताई वाघांनी शंख-शिंपले, बिया, पाने, माती अशा आसपासच्या वस्तूंतून साधने केली. जी लेकरं बालवाडीपर्यंत येत नव्हती त्यांच्या वस्तीत, त्यांच्या अंगणात बालवाडी नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. तिथेही आधी लेकरांना आंघोळ घालणे, नखे कापणे, केस विंचरणे हेच मोठे काम होते. परदेशातही रेतीचा खेळ श्रीमंतांच्या बागेत सुरू झाला नाही. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात १८८५ मध्ये गरीब कामगार वस्तीतल्या मुलांसाठी एका प्रार्थनाघराच्या आवारात रेती टाकण्यात आली. तिथल्या सार्वजनिक खेळाच्या मैदानांची सुरुवात तिथून धरतात.

आता ढीग का नको ते बघू. मोठ्या ढिगात लेकरं बोगदा खणतात आणि ओली रेती वरून ढासळते. तोंड रेतीत गेले तर ती श्वासात ओढली जाऊ शकते, आणि हा धोका पोटात रेती जाण्यापेक्षा फार मोठा आहे. ढिगाशेजारी सिमेंटची पोती असतात. ओल्या सिमेंटने कातडी आणि डोळे भाजतात. ढिगात गिट्टी, खिळे, काचा निघतात. आणि रात्री मांजर-कुत्री तिथेच घाण करतात, कारण त्यांनाही मऊ रेतीच आवडते.

म्हणून ढिगातली थोडी रेती वेगळी काढा. पाच फूट लांब, पाच फूट रुंद, पाऊण फूट खोल एवढी जागा पुरते. त्याला साधारण १९ घनफूट रेती लागते, म्हणजे एका ब्रासच्या पाचव्या हिश्श्यापेक्षाही कमी. मिस्त्री रेती चाळतो ती चाळणी मागून घ्या आणि दोनदा चाळा. नदीची धुतलेली रेती चांगली. दगड भरडून केलेली कृत्रिम रेती वापरू नका, तिची बारीक धूळ उडते आणि छातीत जाते. आपली जमीन काळी, पाणी धरून ठेवणारी. तिथे खड्डा खणला तर पहिल्या पावसात डबके होईल. जमिनीच्या वर विटांचा एक थर लावून आळे करा, तळाला विटांचे तुकडे अंथरा, त्यावर जुने गोणपाट, त्यावर रेती. जागा निंबाच्या सावलीत असेल तर उत्तमच. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दहा वाजल्यानंतर उघड्यावरची रेती पायाला चटका देते. त्या दिवसांत खेळ सकाळी, नाहीतर नाहीच.

जंतांविषयी थोडे सविस्तर सांगावे लागेल, कारण इथे गैरसमज बरेच आहेत. कुत्र्याच्या विष्ठेतून गोल जंतांची अंडी पडतात. ती पडल्या पडल्या रोग देत नाहीत; मातीत पिकायला त्यांना दोन ते चार आठवडे लागतात. माणसाच्या पोटातल्या गोल जंताचेही तसेच. म्हणजे रोज सकाळी आळे बघून, घाण दिसली तर ती भोवतालच्या रेतीसकट फावड्याने काढून दूर पुरली, तर बराचसा धोका तिथेच संपतो. मांजराच्या विष्ठेतला टॉक्सोप्लाझ्माचा जंतू मात्र एक ते पाच दिवसांतच तयार होतो, आणि तो गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाला अपाय करू शकतो. घरात गरोदर सून असेल तर रेती साफ करण्याचे काम तिच्याकडे देऊ नका. अंकुशकृमी तर माणसाच्या उघड्यावरच्या शौचातून येतो. त्याची अळी आठवडाभरात तयार होते, अनवाणी पायातून आत शिरते आणि आतड्यात बसून रक्त पिते. लहान लेकराला आळ्याजवळ शौचाला बसवू नये, हे त्यासाठी.

खेळ संपला की आळ्यावर ताडपत्री टाका आणि चारही कडांवर विटा ठेवा. मांजर-कुत्र्यांसाठी याहून स्वस्त उपाय नाही. फक्त एक गोष्ट विसरू नका : झाकलेली जागा विंचवालाही आवडते. सकाळी ताडपत्री हाताने ओढू नका, काठीने उलटवा, झटका, रेती फावड्याने एकदा खालीवर करा, मगच लेकरं सोडा. विंचू चावलेल्या लेकराला घाम सुटणे, हातपाय गार पडणे, उलट्या होणे ही लक्षणे दिसली तर मांत्रिकाकडे एक मिनिटही घालवू नये. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केल्यापासून विंचूदंशाने दगावणाऱ्यांचे प्रमाण फार कमी झाले आहे, पण औषध वेळेवर मिळाले तरच त्याचा उपयोग. १०८ ला फोन करा, किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा.

आता पसारा. सांभाळणारीची खरी कटकट हीच. ओली रेती कपड्याला, कातडीला चिकटते, कोरडी आपोआप झडते, एवढे एकच लक्षात ठेवले तर अर्धे काम वाचते. खेळताना रेतीवर हलके पाणी शिंपडावे म्हणजे ती उडत नाही. खेळ झाल्यावर मात्र लेकरांना दहा मिनिटे उन्हात बसवा, गोष्ट सांगा, आणि मग कोरड्या फडक्याने वरून खाली झटका. आधी पाणी लावले की रेती सगळ्या अंगभर पसरते. डोक्याचेही तसेच. मान खाली घालायला लावून कोरड्या केसांतून बोटे फिरवा, मग फणी. मायांना सांगा की रेतीच्या दिवशी डोक्याला तेल चोपडून पाठवू नका. तेलावर बसलेली रेती दोन दिवस निघत नाही.

प्रत्येक लेकराचा एक जुना कपडा रेतीसाठी वेगळा ठेवा. तो ओट्याच्या बाहेरच बदलायचा आणि तिथेच खिळ्याला अडकवायचा. दारात एक गोणपाट आणि त्यापुढे परातभर पाणी ठेवा, पाय त्यातून काढूनच आत. आणि रेतीचे हात न्हाणीत धुऊ नका. चार दिवसांत मोरी तुंबते आणि घरातली माणसे सगळ्या खेळाच्याच विरोधात जातात. हात बादलीत धुवा, बादली थोडा वेळ तशीच ठेवा, रेती तळाशी बसते. वरचे पाणी परसातल्या झाडांना, तळाची रेती उन्हात वाळवून पुन्हा आळ्यात. त्यानंतर जेवणाआधी साबणाने हात, ते वेगळे, आणि ते चुकवायचे नाही. नखे दर आठवड्याला कापा. जंतांची अंडी पोटात जायचा सर्वांत जवळचा रस्ता नखांतूनच आहे.

डोळ्यात रेती गेली तर लेकराचे हात धरा, चोळू देऊ नका. स्वच्छ पाण्याची बारीक धार नाकाच्या बाजूकडून कानाकडे सोडा. दूध, गुलाबपाणी, पदराचे टोक, तोंडाने फुंकर, जिभेने काढणे यातले काहीही नको. तासाभरात डोळा उघडत नसेल तर दवाखाना. कानात-नाकात गेले तर पिन घालू नका, तेल ओतू नका. थोडी रेती गिळली तर बहुधा शौचावाटे निघून जाते. पण खेळताना अचानक ठसका लागला आणि खोकला थांबत नसेल, छातीत शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर लगेच निघा.

गिळण्यावरून एक गोष्ट, आणि आमच्या मते ही सगळ्यांत महत्त्वाची आहे. वर्षा-दीड वर्षाचे लेकरू सगळेच तोंडात घालते. पण दोन वर्षांच्या पुढचे लेकरू महिनाभर रोज लपून रेती, माती, भिंतीचा पोपडा खात असेल, तर ते खोडकर नाही, बहुधा त्याच्या अंगात रक्त कमी आहे. त्याला मारू नका. त्याच्या पापणीची आतली बाजू, जीभ, नखे फिकट दिसतात का बघा. वावरात दिवस घालवणाऱ्या मायच्या आधी हे सांभाळणारीलाच दिसते, कारण रेतीत खेळताना तिचेच लक्ष असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकरांना आठवड्यातून दोनदा १ मिलिलीटर लोहाचे औषध आशाताईंकडून मिळते. जंताची गोळी फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या मोहिमेत अंगणवाडीत देतात : एक ते दोन वर्षांच्या लेकराला अर्धी, त्यापुढे पूर्ण ४०० मिलिग्रॅमची. गोळी चुरून पाण्याबरोबर द्यावी.

मात्र लोहाचे औषध मोठ्या डोसमध्ये आपल्या मनाने सुरू करू नका. विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत सिकलसेल बरेच आढळते. त्यातही रक्त कमी असते, पण त्याचे कारण वेगळे आणि उपचार वेगळा. लहान लेकराच्या हातापायाची बोटे दोन्हीकडे सुजली, दुखतात म्हणून ते रेतीत हातच घालत नाही, रडते, असे दिसले तर 'मुरगळले असेल' म्हणून चोळत बसू नका. सिकलसेलची ती पहिली खूण असू शकते. तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. जुलै २०२३ पासून देशपातळीवरची मोहीमही सुरू आहे. ज्या लेकराला सिकलसेल आहे हे माहीत आहे, त्याला रेती बंद करायची गरज नाही. त्याला उन्हात खेळवू नका, मधूनमधून पाणी पाजत राहा, आणि हातपाय धुवायला कोमट पाणी घ्या. गार पाण्याने त्याचे दुखणे उठू शकते. हिवाळ्यात, ऐन वेचणीच्या दिवसांत, हे विशेष सांभाळावे लागते.

या सगळ्यात सांभाळणारीचा किती वेळ जातो हे तिच्या ओट्यावर एक दिवस बसल्याशिवाय कळत नाही. दिल्लीत १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी बांधकामाच्या जागी मजूर बायांची लेकरं धुळीत पडलेली बघून तिथेच तंबूत पाळणाघर सुरू केले आणि त्यातून मोबाईल क्रेशेस ही संस्था उभी राहिली. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यानेही, कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त लेकरं असतील तर एका बाईला त्यांच्या देखभालीसाठी नेमण्याची आणि तिला मजुरी देण्याची सोय केली होती. म्हणजे लेकरं सांभाळणे हे मजुरीचे काम आहे, हे कायद्यालाही मान्य होते. वस्तीतल्या आजीला मात्र 'घरी बसूनच असते' म्हणतात.

निदान एवढे तरी मायांनी आपसात वाटून घ्यावे : आठवडी बाजाराच्या दिवशी वावर बंद असते, त्या दिवशी दोघींनी येऊन रेती चाळावी, उलटी करून उन्हात पसरावी. साबणाची वडी पाळीने आणावी. रेती वर्षातून एकदा पूर्ण बदलावी, जुनी बांधकामात जाते, वाया जात नाही. जिथे विहाराला आवारभिंत आहे आणि कोपऱ्यात सावली आहे, तिथे विचारून आळे तिकडे केले तर कुत्र्यांचा प्रश्नच कमी होतो, आणि लेकरंही रस्त्यावर जात नाहीत.

मृग लागला की आळे रिकामे करा. रेती वाळवून दोन पोत्यांत भरून ठेवा आणि पावसाळाभर ओट्यावर एका जुन्या घमेल्यात थोडी थोडी काढा. घमेल्याभोवती दोनच लेकरं बसवा, बाकीच्यांची पाळी नंतर. हातात एक वाटी, एक चमचा, एक जुनी चहागाळणी दिली की अर्धा तास सहज जातो, आणि खाली जुनी चादर अंथरली असेल तर सांडलेली रेती चारही कोपरे धरून परत घमेल्यात ओतता येते.