आरसा निघाला, भोकं उरली!

बाथरूममधली जुनी वस्तू काढली, की टाइल्समध्ये भोकं राहतात. ती वाईट दिसतातच, शिवाय त्यांतून पाणी भिंतीत शिरतं. घर भाड्याचं असेल, तर अनामत रकमेचा प्रश्नही उभा राहतो. ही भोकं घरच्या घरी, कमी खर्चात आणि पक्की कशी बुजवायची?

बंगळूरच्या पूर्वेला, जुन्या मद्रास रस्त्यावर सुमारे २५ किलोमीटर गेलं की होसकोटे लागतं. ‘होस कोटे’ म्हणजे नवा किल्ला. शहाजीराजांच्या बंगळूरच्या जहागिरीत हा भाग होता, ही मराठी माणसासाठी त्याची जुनी ओळख. नवी ओळख कारखान्यांची. १९९८ साली व्होल्व्होचा ट्रकचा कारखाना इथे सुरू झाला, आजूबाजूला इतर उद्योग वाढले आणि नोकरीसाठी येणाऱ्यांकरिता भाड्याच्या घरांच्या रांगाही उभ्या राहिल्या. या घरांत मराठी कुटुंबंही राहतात. दोन-चार वर्षं राहायचं, मग बदली झाली की सामान बांधायचं.

सामान बांधताना गीझर निघतो, आरसा निघतो, टॉवेलचा रॉड आणि साबणदाणी निघते. मागे उरतात ती भोकं. इतर खोल्यांत पुटी भरून रंगाचा हात फिरवला की काम भागतं. टाइलला मात्र रंग देऊन चालत नाही. मग घाईघाईने पांढरं सिमेंट कालवून बोटाने चोपडलं जातं. दोन महिन्यांत ते पिवळं पडतं, आकसतं आणि एक दिवस खडा होऊन खाली पडतं. थोडी माहिती आणि एक दिवसाची सवड असेल, तर हेच काम वर्षानुवर्षं टिकेल असं करता येतं.

भोक लहान, दुखणं मोठं

टाइलचा वरचा चकचकीत थर काचेसारखा असतो. त्यातून पाणी आत जात नाही. पण त्याखालचा भाग भाजलेल्या मातीचा असतो आणि भिंतीच्या साध्या सिरॅमिक टाइलमध्ये तो चांगलाच सच्छिद्र असतो. आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक पाणी तो पिऊ शकतो. ड्रिलने भोक पाडलं, की ही मातीची कड उघडी पडते. अंघोळीच्या वेळी उडणारं पाणी तिथून टाइलमध्ये आणि मागच्या सिमेंटमध्ये झिरपत राहतं.

त्याचा परिणाम बाथरूममध्ये लवकर दिसत नाही. तो दिसतो पलीकडच्या खोलीत. भिंतीला ओल येते, रंगाचे पोपडे सुटतात, पांढरा लोणा फुटतो. होसकोटे भागात बहुतेक घरांची भिस्त खोल बोअरवेलवर. अशा जड पाण्यातले क्षार भोकाच्या कडेला पांढरे डाग धरतात, ते वेगळंच. आत लोखंडी स्क्रू राहिला असेल, तर तो गंजतो, फुगतो आणि टाइलला तडा देतो.

म्हणून भोक बुजवणं म्हणजे डाग लपवणं नव्हे, पाण्याची वाट बंद करणं होय. ही गोष्ट लक्षात ठेवली, तर काय वापरावं आणि काय वापरू नये, हे आपोआप कळतं.

आधी आतलं बाहेर काढा

स्क्रू काढल्यावर भोकात प्लास्टिकची गिट्टी राहते. भिंतीत स्क्रू घट्ट धरून ठेवणाऱ्या नायलॉनच्या या गिट्टीचा शोध १९५८ साली आर्टुर फिशर या जर्मन संशोधकाने लावला. आत गेल्यावर फुगून भिंत धरणं हाच तिचा गुण, त्यामुळे ती सहज निघत नाही. युक्ती सोपी आहे. स्क्रू दोन-तीन आटे परत फिरवा आणि त्याचं डोकं पक्कडीत धरून सरळ बाहेर ओढा. पक्कडीखाली जाड पुठ्ठ्याचा तुकडा ठेवा, म्हणजे टाइलला ओरखडा पडणार नाही.

तरीही गिट्टी निघाली नाही, तर हातोडीने ठोकाठोक करू नका. ब्लेडने तिची बाहेरची कड कापा आणि खिळ्याच्या बोथट टोकाने तिला थोडी आत सरकवा. जुन्या घरात लाकडाचा गट्टू ठोकलेला असेल, तर तो मात्र काढलाच पाहिजे. लाकूड पाण्याने फुगतं आणि वरचा भराव ढकलून देतं.

गीझरसाठी लोखंडी बोल्ट बसवलेले असतात. ते निघत नसतील, तर प्लंबरकडून टाइलच्या पातळीच्या आत कापून घ्या. गीझरजवळच्या भिंतीतून विजेची तार गेलेली असू शकते. तिथे काहीही कोरण्याआधी घराचा मेन स्विच बंद करा.

यानंतर टाइलवर नाण्याने हलकेच टिचकी मारून पाहा. आवाज भरीव आला तर ठीक. पोकळ आला, तर टाइल मागून सुटली आहे. अशा टाइलमधलं भोक बुजवून उपयोग नाही, ती गवंड्याकडून पुन्हा बसवून घ्यावी.

कोरडेपणा महत्त्वाचा

भोकातला चुरा जुन्या टूथब्रशने काढा. कडेचा साबणाचा थर साबणपाण्याने पुसून घ्या. अ‍ॅसिड वापरू नका. ते टाइल्समधल्या सांध्यांचं सिमेंट खातं. मग निदान एक दिवस भिंत कोरडी राहू द्या. घाई असेल तर केस वाळवण्याचा ड्रायर काही मिनिटं धरा. ओल्या भोकात भरलेला मसाला भिंतीला धरत नाही. बहुतेक दुरुस्त्या इथेच फसतात.

काय भरावं?

प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्याने मऊ पडतं. नुसतं पांढरं सिमेंट सुकताना आकसतं आणि पाणीही शोषतं. टूथपेस्ट भरण्याचा सल्ला काहीजण देतात, पण ती पहिल्या धुण्यातच वाहून जाते. बाथरूमसाठी योग्य ते इपॉक्सीच. एम-सीलसारख्या पुडीत दोन वेगळ्या रंगांच्या कांड्या असतात. हातात प्लास्टिकचे मोजे घालून त्या सारख्या प्रमाणात घ्या आणि कणीक मळावी तशा, एकच रंग येईपर्यंत मळा. रेषा दिसत असतील, तर मळणं अपुरं आहे असं समजा.

त्याची बारीक वळी करून भोकात घाला आणि पेन्सिलच्या मागच्या टोकाने दाबत जा. आत हवेची पोकळी राहता कामा नये. भोक काठोकाठ भरू नका. वरून एक-दोन मिलिमीटर जागा रिकामी ठेवा, ती रंग जुळवण्यासाठी लागेल. पुडीवर दिलेल्या वेळेपर्यंत ते घट्ट होऊ द्या.

रंग जुळवण्याची खुबी

पांढरी टाइल कधीच नुसती पांढरी नसते. कुठे ती दुधासारखी, कुठे हस्तिदंती, कुठे किंचित निळसर. वरच्या थरासाठी दुकानात रंगीत इपॉक्सी ग्राउट मिळतं. दोन-चार भोकांसाठी मोठा डबा नको असेल, तर दोन नळ्यांतून येणारं इपॉक्सी चिकटद्रव्य घ्या. त्यात चिमूटभर पांढरं सिमेंट आणि फरशीला वापरतात त्या ऑक्साइड रंगाची सुईच्या टोकावर मावेल इतकीच पूड मिसळा. आधी एखाद्या प्लास्टिकच्या झाकणावर नमुना लावा, वाळू द्या आणि दिवसाच्या उजेडात टाइलशेजारी धरून पाहा. रंग पसंत पडला, तरच पुढे जा.

भोकाभोवती चारी बाजूंनी मास्किंग टेप लावा. मिश्रण भरून जुन्या प्लास्टिकच्या कार्डाने एकाच हाताने सपाट ओढा. लगेच टेप काढा आणि उरलेला ओघळ ओल्या फडक्याने टिपा. वाळल्यावर पॉलिश पेपरने घासण्याचा मोह टाळा. भराव गुळगुळीत होईल, पण शेजारची चमक कायमची जाईल. चोवीस तास तिथे पाणी लागू देऊ नका.

सामान आणायला होसकोट्याच्या हार्डवेअरच्या दुकानात जाल, तेव्हा दोन कानडी शब्द कामी येतील. ‘बिळी सिमेंट’ म्हणजे पांढरं सिमेंट, आणि ‘तूतु मुच्चबेकु’ म्हणजे भोक बुजवायचं आहे.

भोक मोठं असेल तर?

नळ किंवा पाइप काढल्यावर बोटभर रुंद भोक राहतं. प्लंबरकडून पाइपाचं तोंड आधी डमी लावून बंद करून घ्या आणि नळ चालू करून गळती नाही ना, ते पाहा. मग आतली पोकळी सिमेंट-वाळूने भरा. ती पूर्ण वाळल्यावर वर स्टीलची गोल चकती सिलिकॉनने चिकटवा. पुढे कधी पाइप लागला, तर चकती काढता येते.

टाइलला तडा गेला असेल, तर ती बदलणंच बरं. ती मधून फोडत कडेकडे यावं, म्हणजे शेजारच्या टाइल्स बचावतात. खरी अडचण जोडीची टाइल मिळण्याची. एकाच नमुन्याच्या टाइल्सची छटाही प्रत्येक खेपेला थोडी बदलते. म्हणून खोक्यावर शेडचा क्रमांक छापलेला असतो. स्वतःचं घर बांधताना चार-सहा टाइल्स माळ्यावर ठेवाव्यात, असं जुने गवंडी सांगतात ते याचसाठी.

भाडेकरूंनो, एवढं जाणून घ्या

आपण बसवलेला गीझर घरमालकाला सोडून जावं लागतं का? करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १०८ व्या कलमानुसार, घर ताब्यात असेपर्यंत भाडेकरू आपण जोडलेल्या वस्तू काढून नेऊ शकतो. पण घर ज्या स्थितीत मिळालं, त्याच स्थितीत ते परत करायला हवं. वापराने होणारी साधी झीज यातून वगळलेली आहे. ड्रिलने पाडलेलं भोक मात्र झीज ठरेल, अशी आशा धरू नका.

बंगळूर परिसरात घर सोडताना रंगकामापोटी साधारण एक महिन्याचं भाडं अनामतीतून कापण्याची पद्धत आहे. टाइल्सचा खर्च त्यात धरलेला आहे की वेगळा, हे करार करतानाच विचारून लिहून घ्या. राहायला येताना बाथरूमच्या चारी भिंतींचे फोटो काढून मालकांना पाठवा. आधीच्या भाडेकरूंची भोकं तुमच्या माथी येणार नाहीत. जाताना भोकं बुजवून झाली, की मालकांना बोलावून दाखवा. लपवलेलं भोक कापलेल्या पैशांत उगवतं. दाखवलेली दुरुस्ती बहुधा मान्य होते.

पुढच्या वेळी ड्रिल हातात घेण्यापूर्वी

जुन्या भोकांच्याच अंतरावर बसेल अशी नवी वस्तू मिळते का, ते आधी पाहा. मिळाली, तर बुजवण्याचं कामच उरत नाही. नवं भोक पाडावंच लागलं, तर शक्य तिथे दोन टाइल्सच्या सांध्यात पाडा. सांधा पुन्हा भरणं सोपं असतं. टाइलवर पाडताना टेपची फुली चिकटवा, टाइलचं खास बिट लावा आणि हॅमर बंद ठेवून सावकाश चालवा. स्क्रू स्टेनलेस स्टीलचा घ्या आणि गिट्टी बसवताना भोकात सिलिकॉनचा एक थेंब सोडा. वस्तू लटकत असतानाही पाणी आत जाणार नाही, आणि घर सोडायची वेळ आली की बुजवायला उरेल ते एक स्वच्छ, कोरडं भोक.